ज्याचा आवाज त्याच्याकडे कान

एप्रिल २०१० मध्ये मार्क मॅरन नावाचा, तोवर फारसं यश न लाभलेला एक अमेरिकी स्टँड-अप कॉमेडियन आपल्या पॉडकास्टसाठी ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टिबुरॉनला विनोदी अभिनेता रॉबिन विल्यम्सच्या घरी गेला. टीव्हीवरच्या मुलाखतींत विल्यम्स कुणाला बोलू द्यायचा नाही. एका दमात दहा माणसांचे आवाज काढायचा, खुर्चीवर चढायचा, मुलाखत घेणाऱ्याला हसवून गार करायचा. त्या दिवशी तो शांतपणे बोलला. वर्षभरापूर्वीची हृदयाची शस्त्रक्रिया, वीस वर्षं सुटलेली दारू अलास्कातल्या चित्रीकरणाच्या वेळी पुन्हा कशी तोंडाला लागली ते, मोडलेला संसार आणि दुसऱ्यांचे विनोद उचलतो हा जुना आरोप, अशा सगळ्यावर बोलला. एकदा जीव नकोसा झाल्याचा विचार मनात डोकावून गेला होता, तोही त्याने सांगितला. स्वतःच्या मनाशी झालेला तो वाद त्याने दोन आवाजांत करून दाखवला. ऐकणाऱ्याला हसू येतं आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं, असा तो भाग आहे.

तेव्हा तो ऐकणाऱ्यांच्या मनात विल्यम्सबद्दलचं जुनं मत हललं. हा माणूस सतत सादरीकरणाच्या आड लपतो, आत काय आहे ते कळत नाही, अशी तक्रार स्टँड-अपच्या वर्तुळातही होती. या तासाभरात आतला माणूस भेटला, असं लोकांना वाटलं. मग ११ ऑगस्ट २०१४ रोजी विल्यम्सने आत्महत्या केली. मॅरनने रडवेल्या आवाजातली नवी प्रस्तावना जोडून तोच भाग पुन्हा लोकांसमोर ठेवला. आता ते दोन आवाजांतलं संभाषण भाकितासारखं ऐकू येऊ लागलं. चार वर्षांपूर्वीच त्याने सांगितलं होतं, आपणच हसण्यावारी नेलं, अशी हळहळ अनेकांना लागली. पुढे शवविच्छेदनाचा अहवाल आला. २०१६ मध्ये त्याच्या पत्नी सुझन श्नायडर विल्यम्स यांनी ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर लिहिलं. विल्यम्सच्या मेंदूत लुई बॉडी नावाच्या विकाराचा प्रसार झाला होता आणि जिवंतपणी त्याचं नेमकं निदान झालंच नव्हतं. संवाद पाठ न होणं, अकारण भीती, झोप उडणं, संशय ही त्याच्या शेवटच्या काळातली लक्षणं त्या विकाराची होती. २०१० सालच्या संभाषणात या गोष्टीचा मागमूसही असायचं कारण नव्हतं. ज्यांनी त्यात भाकीत ऐकलं, त्यांनी ते आपल्या दुःखातून ऐकलं होतं.

एकच तास तीनदा ऐकला गेला आणि तिन्ही वेळा वेगळा ऐकू आला. २०२२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा भाग अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत जतनासाठी घेतला, म्हणजे तो अजून अनेकदा ऐकला जाणार आहे. विनोदवीर मनमोकळं बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याचं काय होतं, या प्रश्नाचा आढावा मला याच तासापासून सुरू करावासा वाटतो. अशा मुलाखतीवर आजवर जे लिहिलं गेलं त्यात बोलणाऱ्याच्या धैर्याचं कौतुक भरपूर आहे. ऐकणाऱ्याची जबाबदारी मात्र क्वचितच कुणी तपासली आहे.

आधी हे माध्यम इतकं मोकळं का झालं ते पाहू. मॅरनने ‘डब्ल्यूटीएफ’ हा पॉडकास्ट सप्टेंबर २००९ मध्ये सुरू केला. ‘एअर अमेरिका’ या रेडिओवरचं काम गेलं होतं, दुसरं लग्न मोडलं होतं, वय पंचेचाळीशी ओलांडत होतं आणि बरोबरीचे मित्र पुढे निघून गेले होते. निर्माता ब्रेंडन मॅकडॉनल्ड आणि तो सुरुवातीला त्याच रेडिओच्या स्टुडिओत रात्री शिरून ध्वनिमुद्रण करायचे. नंतर लॉस एंजलिसच्या हायलंड पार्क भागातलं त्याच्या घराचं गॅरेज हाच स्टुडिओ झाला. पहिले पाहुणे बहुतेक त्याच्याच धंद्यातले, त्याच्याच क्लबांत उमेदवारी केलेले. कित्येकांशी त्याचं कधी ना कधी वाजलेलं. त्यामुळे सुरुवातीच्या अनेक मुलाखतींत तो निम्मा वेळ जुनी भांडणं मिटवताना ऐकू येतो. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तो स्वतःच्या आयुष्यातल्या घडामोडी, चिडचिड, मांजरं, व्यसनमुक्ती यांबद्दल बराच वेळ बोलायचा. समोरचा पाहुणा माइकसमोर बसायचा तेव्हा यजमानाने आपलं मन आधीच उघडं केलेलं असायचं. वर्तमानपत्राच्या वार्ताहरापाशी जे कुणी बोललं नसतं, ते एका कॉमेडियनपाशी दुसरा कॉमेडियन बोलला, कारण रिकाम्या क्लबात कुणी हसत नसताना वीस मिनिटं उभं राहणं म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि हे सगळं थेट कानात येत होतं. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी ‘सायकिअट्री’ नियतकालिकात एक निबंध लिहिला. रेडिओ-टीव्हीवरचा सूत्रधार रोज घरात येतो, आपल्याशीच बोलल्यासारखा बोलतो आणि हळूहळू प्रेक्षकाला तो आपला ओळखीचा माणूस वाटू लागतो. ओळख मात्र एकाच बाजूची असते, असं त्यांचं निरीक्षण होतं. टीव्हीच्या बाल्यावस्थेत केलेलं हे निरीक्षण पॉडकास्टला अधिकच लागू पडतं. इथे कार्यक्रम दोन दोन तासांचा, आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षं येतो. लोक तो एकटे असताना ऐकतात. भांडी घासताना, लोकलच्या गर्दीत, रात्री झोप येत नसताना. चेहरा नसतो, त्यामुळे नजर दुसरीकडे वळवायचीही सोय नसते. बोलणारा थांबतो, श्वास घेतो, आवाज कापतो, हे सगळं कानाच्या पडद्यापाशी घडतं. अशा ऐकण्यात माणूस विचार करण्याआधीच बोलणाऱ्याचा झालेला असतो.

या जवळिकीचा सर्वांत चांगला परिणाम जानेवारी २०१२ मध्ये दिसला. टॉड ग्लास हा अनेक वर्षं मंचावर असलेला कॉमेडियन मॅरनच्या माइकसमोर पहिल्यांदा जाहीरपणे म्हणाला की आपण समलिंगी आहोत. वय सत्तेचाळीस. इतकी वर्षं त्याने मंचावर, मित्रांत, मुलाखतींत शब्द चोरत काढली होती. आत्ताच का बोललास, या प्रश्नावर त्याचं उत्तर सरळ होतं: समलिंगी असल्याच्या छळामुळे जीव देणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या बातम्या वाचून गप्प बसणं त्याला अशक्य झालं होतं. त्या मुलाखतीत तो अडखळतो, विषयाला वळसा घालतो, मध्येच विनोद करून सुटू पाहतो. मला त्या अडखळण्यात त्या मुलाखतीचं मोल दिसतं. तयार करून आणलेलं निवेदन असतं तर ऐकणाऱ्याने टाळ्या वाजवल्या असत्या आणि तो पुढे गेला असता. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला एक साधं वाक्य बोलायला इतका वेळ लागतो, हे ऐकताना ज्याच्याजवळ असंच न बोललेलं वाक्य आहे त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. अशा मुलाखतीनंतर श्रोते जी पत्रं लिहितात, त्यांचा सूरही ‘तुझं कळलं’ यापेक्षा ‘माझं ऐक’ असाच असतो. ही प्रतिक्रिया मला सर्वांत निरोगी वाटते, कारण तिच्यात श्रोता बोलणाऱ्याला सोडून स्वतःच्या आयुष्याकडे वळतो.

लंडनमध्ये २०१३ च्या जूनमध्ये याचंच वेगळं रूप समोर आलं. रिचर्ड हेरिंग हा कॉमेडियन तेव्हा लेस्टर स्क्वेअर थिएटरमध्ये प्रेक्षकांसमोर पॉडकास्ट करायचा. त्याचे प्रश्न मुद्दाम वाह्यात असायचे, लोक हसायलाच आलेले असायचे. त्या दिवशी विनोदी अभिनेता आणि लेखक स्टीफन फ्राय पाहुणा होता आणि गप्पांच्या ओघात त्याने सांगितलं की आदल्या वर्षी परदेशात चित्रीकरण चालू असताना त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला होता. सोबतच्या निर्मात्याच्या वेळीच लक्षात आलं म्हणून तो वाचला. फ्रायला बायपोलर विकार आहे हे ब्रिटनला माहीत होतं. २००६ साली त्याने या विकारावर बीबीसीसाठी माहितीपट केला होता, आणि ‘माइंड’ या मानसिक आरोग्याच्या संस्थेचा तो अध्यक्षही होता. तरीही लोक हादरले. फ्रायचं म्हणणं असं की, अध्यक्षपदावर बसून याच गोष्टीबद्दल लाजत राहिलो तर त्या पदाला अर्थ काय. लगेचच वर्तमानपत्रांनी मथळे केले. मथळे वाचणाऱ्यांपर्यंत फक्त धक्का पोचला. पूर्ण तास ऐकणाऱ्यांना मात्र असा माणूस भेटला जो मृत्यूच्या दारातून परत आला आहे, अजून हसवतो आहे, औषधं घेतो आहे आणि पुढच्या कामाबद्दल बोलतो आहे.

हा फरक जीवनमरणाचा असू शकतो. व्हिएन्नातले संशोधक थॉमस निडरक्रोटेनथालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. आत्महत्येचा विचार मनात येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांबद्दलच्या बातम्यांनंतर आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं त्यांना आढळलं. आत्महत्येच्या त्याच त्याच बातम्या पुन्हा पुन्हा छापल्या की परिणाम उलट दिसत होता. रॉबिन विल्यम्स गेल्यानंतर अमेरिकेत याची दुसरी, काळी बाजू मोजली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ऑगस्ट ते डिसेंबर २०१४ या पाच महिन्यांत अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्के जास्त, म्हणजे १,८४१ अधिक माणसांनी आत्महत्या केली. एकाच कलाकाराचा आवाज २०१० मध्ये कुणाला धीर देऊन गेला असेल, आणि त्याच्याच मृत्यूची बातमी, ती ज्या तपशिलांसह सांगितली गेली त्या तपशिलांसह, दुसऱ्या कुणाला ढकलून गेली असेल. म्हणून अशी मुलाखत प्रसिद्ध करणाऱ्याने त्यात आत्महत्येच्या मार्गाचा तपशील ठेवू नये, सावरण्याचा भाग कापू नये, आणि मदतीचा क्रमांक आवर्जून सांगावा. आपल्याकडे सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. एवढी माहिती मुलाखतीच्या शेवटी सांगायला दहा सेकंद लागतात.

इथवर जे पाहिलं त्यात बोलणारा माणूस स्वतःबद्दलच बोलत होता. प्रश्न खरा अवघड होतो तो त्याच्या गोष्टीत दुसरी माणसं येतात, किंवा यायला हवी असून येत नाहीत, तेव्हा.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये मॅरनने कॉमेडियन लुई सी. के. याच्याशी दोन भागांत मुलाखत केली. दोघे जुने मित्र. लुई तेव्हा यशाच्या शिखराकडे निघाला होता आणि मॅरन मत्सराने पोळला होता, हे त्याने स्वतःच कबूल केलं. आपल्या पडत्या काळात मित्र म्हणून तू माझ्याजवळ असायला हवा होतास, असं लुईने त्याला तोंडावर सांगितलं. मुलीच्या जन्माची आठवण सांगताना लुईचा आवाज फुटला. दोन मध्यमवयीन पुरुष इतक्या उघडपणे आपली तुटलेली मैत्री जोडताना कुणी ऐकले नव्हते. ऐकणाऱ्या पुरुषांना आपले दुरावलेले मित्र आठवले. डिसेंबर २०१४ मध्ये ‘स्लेट’ने पॉडकास्टच्या इतिहासातल्या सर्वोत्तम भागांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक या मुलाखतीला दिला. मोकळेपणाचा मापदंड म्हणून ती सांगितली जाऊ लागली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पाच स्त्रियांचे अनुभव छापले. लुईने त्यांच्यासमोर वा फोनवर केलेलं लैंगिक गैरवर्तन त्यांनी सांगितलं होतं. त्यांतल्या काही स्वतः याच धंद्यातल्या कलाकार होत्या. दुसऱ्याच दिवशी लुईने या गोष्टी खऱ्या असल्याचं निवेदन दिलं. बोललो तर काम जाईल या भीतीत त्या स्त्रियांनी वर्षं काढली होती. मॅरन त्यानंतरच्या भागात आपल्या श्रोत्यांशी बोलला. या अफवा त्याच्याही कानावर होत्या, त्याने लुईला विचारलं होतं, लुईने त्या खोट्या असल्याचं सांगितलं होतं आणि त्याने मित्रावर विश्वास ठेवला होता.

या घटनेनंतर ज्यांनी ती जुनी मुलाखत पुन्हा ऐकली, त्यांच्या प्रतिक्रिया मला या साऱ्या प्रश्नाच्या केंद्राशी नेतात. काहींनी म्हटलं, म्हणजे तो मोकळेपणा खोटा होता. मला तसं वाटत नाही. मुलीच्या जन्माची आठवण, मित्राबद्दलचं दुःख, यांत काही बनाव असल्याचं मानायला आधार नाही. माणूस एका गोष्टीबद्दल अगदी खरं बोलून दुसरी गोष्ट पूर्ण दडवू शकतो, आणि खरं बोललेल्या गोष्टीच्या बळावर दडवलेल्या गोष्टीसाठीही विश्वास मिळवू शकतो. चूक ऐकणाऱ्यांच्या हिशेबात होती. आवाज फुटला म्हणजे माणूस सच्चा, आणि सच्चा म्हणजे भला, अशा दोन पायऱ्या आपण एका श्वासात चढलो. त्या खोलीत नसलेल्या माणसांचा विचार करायला त्या चढणीत वेळच उरला नाही.

विनोदवीरांच्या मुलाखतींत हा धोका जास्त आहे, असं माझं मत आहे. स्वतःच्या उणिवा सांगणं हे त्यांचं कामच आहे. आपला स्वार्थ, आपली वासना, आपला भित्रेपणा मंचावर मांडून लोकांना जिंकणं ते वीस वर्षं शिकलेले असतात. कोणत्या कबुलीला लोक हसतात, कोणत्या कबुलीला गप्प होतात, हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा चांगलं कळतं. म्हणून त्यांची कबुली लबाड ठरत नाही. पण ती घडवलेली असते, आणि घडवलेल्या गोष्टीत काय गाळलं आहे हे ऐकणाऱ्याने विचारायला हवं. घटस्फोटाची गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडून आलेली पत्नी, दारूच्या दिवसांत फसवले गेलेले भागीदार, ओढून घेतलेल्या संधी ज्यांच्या होत्या ते, यांची बाजू त्या दोन तासांत येत नाही. कान ज्याचा आवाज ऐकतो त्याच्याकडे झुकतो. हे ऐकणाऱ्याच्या दुष्टपणामुळे होत नाही, त्याच्या माणुसकीमुळेच होतं; आणि म्हणूनच ते ओळखायला कठीण जातं.

मॅरननेच एकदा याला उत्तर शोधलं होतं, आणि ते त्याच वर्षी, लुईच्या मुलाखतीच्या आधी. दुसऱ्यांचे विनोद चोरतो असा आरोप असलेला कॉमेडियन कार्लोस मेन्सिया त्याच्याकडे आला. मेन्सिया तयारीचा गडी होता. प्रत्येक आरोपावर त्याच्याजवळ सफाईदार उत्तर होतं, आवाजात दुखावलेपण होतं, आणि तास संपला तेव्हा त्याच्याबद्दल सहानुभूती वाटावी अशी स्थिती होती. मॅरनला मात्र स्वस्थता लाभेना. त्याने मेन्सियाला ओळखणाऱ्या दुसऱ्या कॉमेडियन मंडळींना माइकसमोर बोलावलं, त्यांचं म्हणणं घेतलं आणि मेन्सियाला पुन्हा बसवून ते सगळं त्याच्यासमोर ठेवलं. दुसऱ्या बैठकीत मेन्सियाचा आवाज वेगळा आहे. सफाई गळून पडते, माणूस घाबरलेला आणि चिडलेला ऐकू येतो, काही गोष्टी मान्य करतो. ते दोन भाग लागोपाठ ऐकणाऱ्या श्रोत्याला एक फार महत्त्वाचं शिक्षण मिळतं: पहिला तास खरा वाटत असताना आपण किती सहज विरघळलो होतो, हे त्याला दुसऱ्या तासात कळतं. इतकं करूनही तोच मॅरन पुढे मित्राच्या बाबतीत फसला, यावरून ही गोष्ट किती अवघड आहे ते दिसतं. परक्या माणसाची दुसरी बाजू शोधायला तो बाहेर पडला. जिवलगाच्या बाबतीत मित्राच्या शब्दापाशीच थांबला.

मराठी वाचकाला यातलं काही अगदी नवं नाही. १९९० साली सुनीताबाई देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ हे आत्मकथन आलं, तेव्हा आपण याच प्रश्नातून गेलो. त्यांचे पती पु. ल. देशपांडे हे महाराष्ट्राचं सर्वांत लाडकं हसवणारं व्यक्तिमत्त्व. त्यांचा आवाज, त्यांच्या कॅसेट, त्यांचे एकपात्री प्रयोग घराघरांत होते, आणि पॉडकास्टच्या श्रोत्याला वाटते तशीच एकतर्फी ओळख लाखो मराठी माणसांना त्यांच्याबद्दल वाटत होती. त्या घरातली दुसरी व्यक्ती बोलली. एका बहुगुणी, बालसुलभ कलावंताच्या संसाराची व्यवस्था आपल्या खांद्यावर घेणं काय असतं, त्यात स्वतःचं काय बाजूला पडतं, हे त्यांनी कुठलीही सफाई न देता लिहिलं. प्रतिक्रिया तीव्र होत्या. आपल्या दैवताला घरच्याच माणसाने कमी लेखलं, म्हणून अनेक चाहते दुखावले. हे लिहायची गरज काय होती, असं विचारलं गेलं. दुसरीकडे असंख्य स्त्रियांना त्या पुस्तकात आपलं घर सापडलं. आज मागे वळून पाहताना मला वाटतं, दुखावलेल्या वाचकांनी पुलंवर प्रेम केलं त्यात काहीच चूक नव्हती. त्या प्रेमापोटी दुसऱ्या आवाजाला बोलायचा हक्क नाकारला, ही चूक होती. सुनीताबाईंच्या लिहिण्याने पुलंचा विनोद उणावला नाही. एका विनोदवीराच्या आयुष्याकडे पाहायला दुसरी खिडकी मिळाली, आणि अशी खिडकी लुई सी. के. च्या श्रोत्यांना २०१० साली उपलब्ध नव्हती.

न ऐकताच दिल्या जाणाऱ्या प्रतिक्रियांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांत शिकण्यासारखं कमी आहे. जून २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा मॅरनच्या गॅरेजमध्ये येऊन बसले. दोनच दिवसांपूर्वी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली होती. वंशद्वेष फक्त उघड शिवीपुरता नसतो हे सांगताना ओबामांनी ती शिवी उच्चारली. तासाभराच्या संभाषणात पितृत्व, भीती, अपयश, बंदूक कायदे असं बरंच होतं. बातम्यांत एक शब्द उरला. ज्यांनी संपूर्ण ऐकलं आणि ज्यांनी तुकडा ऐकला, ते दोन वेगळ्या घटनांवर बोलत होते. तेव्हापासून आजवर तुकड्यांचा व्यापार कितीतरी पटींनी वाढला आहे. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवर आधारलेलं कौतुकही मी प्रतिक्रियेत धरत नाही, संतापही धरत नाही.

ही ओळख एकतर्फी असते असं वर म्हटलं. एका प्रसंगी मात्र ती उलट दिशेने वाहिली. १६ मे २०२० रोजी मॅरनची जोडीदार, दिग्दर्शिका लिन शेल्टन, रक्ताच्या कर्करोगाने अचानक गेली. आदल्या आठवड्यापर्यंत श्रोते तिचं नाव त्याच्या बोलण्यात ऐकत होते. तिचं वय अवघं ५४. दोन दिवसांनी सोमवार होता, आणि सोमवारी नवा भाग यायचा. तो माइकसमोर बसला, रडत बोलला, आणि २०१५ मध्ये तिच्याशी झालेली मुलाखत त्याने पुन्हा ऐकवली. महामारीचे दिवस होते. घराघरांत माणसं एकटी होती, कित्येकांना आपल्या माणसाचं अंत्यदर्शनही घडलं नव्हतं. श्रोत्यांनी त्याला सावरलं, आणि आपापल्या शोकाबद्दल त्याला लिहिलं. पुढच्या महिन्यांत तो त्या पत्रांबद्दल, शोकाबद्दल भागाच्या सुरुवातीला बोलत राहिला, आणि २०२३ मध्ये त्याने या शोकावरच मंचावरचा कार्यक्रम केला. इथे श्रोत्यांनी कुणाची परीक्षा घेतली नाही की निदान केलं नाही. त्यांनी सांत्वन केलं, जसं गावातली माणसं दारात येऊन बसतात. हॉर्टन आणि वोल यांच्या निबंधात या शक्यतेला फार जागा नव्हती. सहा दशकांहून अधिक काळानंतर आपण ती पाहिली.

‘डब्ल्यूटीएफ’ ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबला. सोळा वर्षांच्या या मालिकेचे शेवटचे पाहुणे पुन्हा ओबामाच होते. पण त्याने घालून दिलेला रिवाज आता जगभर आहे, आणि मराठीतही आहे. ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’ यांसारख्या पॉडकास्टवर नट, लेखक, विनोदी कलाकार दीड-दोन तास निवांत बोलतात. जुन्या दिवाळी अंकातल्या मुलाखतीत जे येत नसे ते येतं: पैशाची तंगी, पहिल्या प्रयोगात पडलेला विनोद, बापाशी न बोललेलं, डॉक्टरकडे जावं लागलं ते. आपल्याकडे मानसिक आजाराबद्दल घरात बोलणं अजूनही सोपं नाही. अशा वेळी रोज टीव्हीवर हसवणारा माणूस ‘मला झोप यायची नाही, मी उपचार घेतले’ असं म्हणतो तेव्हा ते वाक्य साताऱ्यातल्या किंवा लातुरातल्या एखाद्या मुलाला आपल्या आईशी बोलण्याचं निमित्त देऊ शकतं. या कारणासाठी मला हे माध्यम फार मोलाचं वाटतं आणि ते वाढावं असं मनापासून वाटतं.

म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षाही ठेवाव्याशा वाटतात. मराठी मुलाखतकार प्रेमळ असतो. पाहुण्याला अडचणीत आणणं त्याला असभ्यपणाचं वाटतं. पण पाहुणा आपल्या मोडलेल्या संसाराची किंवा फसलेल्या नाटकमंडळीची गोष्ट सांगत असताना ‘त्यांचं याबद्दल काय म्हणणं असेल?’ एवढा प्रश्न विचारण्यात असभ्य काही नाही. त्या प्रश्नाने पाहुणा क्षणभर थांबतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानालाही तेवढा वेळ दुसऱ्या कुणासाठी मिळतो. जिथे आरोप आहे, व्यवहार आहे, कुणाचं नुकसान झालेलं आहे, तिथे मेन्सियाच्या वेळी मॅरनने केलं तसं करता येतं: इतरांशी बोलायचं, आणि पाहुण्याला पुन्हा बोलवायचं. दोन तास एका बैठकीत रेकॉर्ड करून त्याच आठवड्यात टाकण्यापेक्षा हे महाग आणि वेळखाऊ आहे, आणि काही पाहुणे दुसऱ्यांदा येणारही नाहीत. २०११ साली गॅलागर हा जुना कॉमेडियन त्याच्या वंशद्वेषी आणि समलिंगीद्वेषी विनोदांबद्दल प्रश्न येताच मॅरनची मुलाखत अर्धवट टाकून उठून गेला. मॅरनने तो भाग तसाच, पाहुणा उठून गेल्यासकट, प्रसिद्ध केला आणि श्रोत्यांनी तोही शेवटपर्यंत ऐकला.